पक्क्या मडक्याचा नाद
(स्मृतिव्याख्यानमालेत धाराशिव येथे दिलेले व्याख्यान)



ज्या संगीतशिक्षक गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे शिष्य सांगतात की गुरुजी वर्गात गाण्याची जातपात कधी विचारत नसत. गाणे सुरात आहे का, एवढेच विचारत. त्याच भरवशावर मी आज एक अनोळखी विषय तुमच्यापुढे मांडणार आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला 'स्ट्रायपर' हा ख्रिस्ती हेवी मेटल बँड आणि 24 ऑक्टोबर 1986 रोजी बाजारात आलेला त्यांचा 'टू हेल विथ द डेव्हिल' हा अल्बम, हा तो विषय. सैतानाला त्याच्या नरकात धाडा, असे त्याचे नावच ओरडून सांगते.

तुळजाभवानीच्या आणि गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात या अल्बमचे काय काम, असे कुणाच्या मनात आले तर ते चूक नाही. पण हा विषय मी मुद्दाम इथे आणला आहे. देवाचे नाव कोणत्या वाद्यावर घ्यावे, हा प्रश्न या बँडमधल्या चार तरुणांना पडला होता आणि तो आपल्यालाही सुटलेला नाही. गणपतीच्या मिरवणुकीपासून चर्चमधल्या तरुणांच्या गिटारपर्यंत दरवर्षी त्यावरून भांडणे होतात. या भांडणात नेमके काय तपासायचे, ते हा अल्बम चांगले शिकवतो.

आधी हेवी मेटल म्हणजे काय ते समजून घेऊ. या संगीताचा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला. टोनी आयोमी नावाचा कामगारवर्गातला पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवाच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा खालच्या सुरात उतरवल्या. त्यातून एक जड, खोल आवाज तयार झाला. फेब्रुवारी 1970 मध्ये 'ब्लॅक सॅबथ' या त्याच्या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम आला. त्यातल्या शीर्षकगीताच्या मुख्य चालीत षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम असे तीनच सूर घोळवलेले आहेत. रात्रीच्या रागांत तीव्र मध्यम ऐकलेल्या आपल्या कानांना त्यातली अस्वस्थता लगेच कळेल.

या संगीतातला गिटारचा तो फाटल्यासारखा आवाज बिघाडाने येत नाही, तो मुद्दाम काढतात. ॲम्प्लिफायरला पेलेल त्याहून जास्त ताकदीचा आवाज त्यात सोडला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात. त्यातून मुळात नसलेले वरचे स्वरांश उमटतात आणि सूर लांबतो. अशा आवाजात गंधार मिसळला तर सगळे गढूळ होते. म्हणून मेटलचे वादक बहुतेक वेळा षड्ज आणि पंचम एवढेच धरतात. षड्ज-पंचम म्हणजे आपल्या तंबोऱ्याची बैठक. ज्या संगीताला आपण गोंगाट म्हणतो, त्याच्या पायाशी हीच जोडी आहे.

आता स्ट्रायपरकडे येऊ. मायकल स्वीट आणि रॉबर्ट स्वीट हे दोघे भाऊ. एक गातो आणि गिटार वाजवतो, दुसरा ड्रम. जोडीला गिटारवर ऑझ फॉक्स आणि बासवर टिम गेन्स. आधी बँडचे नाव 'रॉक्स रेजिम' होते. 1983 च्या सुमारास त्यांनी ठरवले की आता ख्रिस्ताबद्दलच गायचे, आणि नाव बदलले. नव्या नावाचा आधार बायबलमधल्या यशयाच्या 53 व्या अध्यायातले पाचवे वचन. तारणाऱ्याच्या अंगावर उठलेल्या वळांनी आपण बरे झालो, असा त्याचा आशय; आणि इंग्रजीत वळ आणि पट्टे या दोन्हींना 'स्ट्राइप्स' म्हणतात. त्या वळांची आठवण म्हणून कपडे, गिटार, ड्रम, मंच सगळे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवलेले. कार्यक्रमात ते नव्या कराराच्या प्रती प्रेक्षकांत भिरकावत. या अल्बमच्या चार वर्षे आधी, 1982 मध्ये, ऑझी ऑस्बर्न या गायकाने मंचावर वटवाघळाचे डोके चावून तोडले होते. त्याच मैदानात ही पोरे शास्त्रग्रंथ वाटत होती.

तो काळही लक्षात घ्या. सप्टेंबर 1985 मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे रॉक संगीतातल्या शब्दांवरून सुनावणी झाली. मेटल ऐकून मुले सैतानाच्या नादी लागतात, तबकडी उलटी फिरवली की त्यात छुपे संदेश ऐकू येतात, अशी भीती घराघरांत होती. अशा वेळी मेटलच वाजवायचे आणि त्यातून ख्रिस्त सांगायचा, म्हणजे दोन्हीकडून दगड खायचे. तसेच झाले. जिमी स्वॅगर्ट हे त्या काळचे दूरचित्रवाणीवरचे नामांकित प्रवचनकार. त्यांच्या प्रवचनांमुळे स्वीट कुटुंब श्रद्धेकडे वळले होते. त्याच स्वॅगर्टांनी पुढे ख्रिस्ती रॉकवर कोरडे ओढले. मेटलचे कट्टर रसिक तर या चौघांना वेगळ्याच कारणासाठी हसत: अंगावर पिवळे पट्टे आणि तोंडी देवाचे नाव, हे कसले मेटल! चर्चच्या दारात ते गिटारवाले ठरले आणि मेटलच्या दारात प्रवचनवाले.

अशा परिस्थितीत बहुतेक माणसे सोपी वाट धरतात. थोडी गिटार मवाळ करायची, थोडा देव पुसट करायचा आणि दोघांनाही खूश ठेवायचे. या अल्बमने ती वाट धरली नाही.

अल्बममध्ये अकरा तुकडे आहेत. सुरुवातीला शब्दांविना एक छोटा, काळोखा प्रवेश. त्यानंतर एकदम शीर्षकगीताचा वेग. दोन्ही गिटार एकच चाल दोन वेगळ्या सुरांवरून जोडीने चालवतात. तार सप्तकात मायकल स्वीटचा आवाज कुठे फाटत नाही, आणि कोरस तर चर्चमधल्या गायनवृंदासारखा अनेक थरांत रचलेला आहे. ते कोरस ऐकताना कळते की या मुलांनी प्रार्थनासंगीत आणि रॉक या दोन्हींचा रियाज मनापासून केला आहे. 'फ्री' आणि 'कॉलिंग ऑन यू' ही गाणी एमटीव्ही या संगीतवाहिनीवर तरुणांच्या पसंतीत वर गेली. 'ऑनेस्टली' हे पियानोवरचे संथ गाणे 'बिलबोर्ड' या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या सर्वसाधारण यादीत 23 व्या क्रमांकापर्यंत पोचले. ते निष्ठेच्या वचनाचे गाणे आहे. ऐकणाऱ्याने ते मित्राचे म्हणून ऐकावे, प्रियकराचे म्हणून ऐकावे किंवा देवाचे म्हणून. ज्ञानोबांच्या विरहिण्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे नवे नाही. आर्तता खरी असली की ती कुणासाठी आहे हे ज्याचे त्याला उमगते.

या अल्बमच्या मुखपृष्ठाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. पहिल्या चित्रात चार देवदूत होते, रूपाने बँडमधल्या चौघांसारखेच. ते एका राक्षसी रूपाला आगीच्या खाईत लोटत होते.  चित्राचा अर्थ अगदी उघड होता, तरी त्यावर गदारोळ झाला. पुढच्या आवृत्त्यांवर नुसता काळा कागद आणि बँडचे नाव राहिले. सैतानाचा पराभव दाखवायचा तर सैतान चित्रात यावाच लागतो, एवढे साधे तर्कशास्त्र संतापापुढे टिकले नाही.

आपल्याला मात्र हे तर्कशास्त्र समजावून सांगावे लागत नाही. तुळजापूरच्या गाभाऱ्यातली आई अष्टभुजा महिषासुरमर्दिनी आहे. पायाखालच्या महिषाशिवाय तिचे रूप पुरे होत नाही. आणि तिच्या सेवेचे वाद्य कोणते? वीणा नव्हे, बासरी नव्हे, संबळ. एक भांडे मोठे, एक लहान, दोन्ही चामड्याने मढवलेली. गोंधळी ते कमरेला बांधतो आणि दोन काठ्यांनी वाजवतो. त्यातली एक काठी टोकाला वाकडी असते. बाजूला तुणतुण्याची एकच तार सतत लागलेली, झांजांचा खणखणाट, पेटलेली दिवटी, आणि 'उदो उदो'चा गजर. तो नाद कुणाला निवांत झोपवण्यासाठी नसतो. आधी देवतांना आवाहन होते, मग आख्यान रंगते, आणि रात्र चढेल तशी संबळाची लय चढते. शुभ-अशुभाच्या लढाईची कथा सांगायला मोठा नाद लागतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. गोंधळ आणि मेटल एक आहेत असे मी म्हणत नाही. दोघांची श्रद्धा वेगळी, समाज वेगळा, इतिहास वेगळा. पण भक्ती म्हणजे फक्त हळू आवाज, ही समजूत निदान धाराशिव जिल्ह्यात तरी चालू नये.

आता मुख्य मुद्दा. देवाच्या नावाला हे वाद्य चालते, ते चालत नाही, असे ठरवायचे कुणी आणि कशावरून? आपल्या तेरच्या कुंभार संताची, गोरोबाकाकांची कथा इथे उपयोगी पडते. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताईने गोरोबांच्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर ते थापटणे वाजवून पाहिले. नामदेव तक्रार करू लागले आणि कच्चे ठरले. कुंभाराची ही परीक्षा मला फार मोलाची वाटते. तो मडक्याचा रंग विचारत नाही, माती कोणत्या गावची ते विचारत नाही. तो ठोकतो आणि नाद ऐकतो.

संगीतातल्या भक्तीची परीक्षा अशीच दोन बाजूंनी घ्यावी लागते. एका बाजूने विचारायचे: ज्या परंपरेचे वाद्य हाती घेतले, त्या परंपरेच्या कसोटीवर हे वादन उतरते का? दुसऱ्या बाजूने विचारायचे: ज्या श्रद्धेचे नाव घेतले, ती यात खरोखर आहे की नुसती चिकटवली आहे? दोन्ही बाजूंनी नाद पक्का आला तर बाकी वाद गौण आहेत. 'टू हेल विथ द डेव्हिल' दोन्हीकडून वाजवून पाहिला गेला. मेटलच्या रसिकांनी तो विकत घेतला, कारण त्यातले वादन कसदार होते. अमेरिकेत दहा लाखांवर प्रती खपून त्याला प्लॅटिनमचा दर्जा मिळाला, आणि ख्रिस्ती मेटलमध्ये हा मान त्याच्या आधी कुणाला मिळाला नव्हता. श्रद्धेच्या बाजूने पाहिले तर त्यात ख्रिस्ताचे नाव लपवलेले नाही, शेवटच्या गाण्यात तर ते अगदी उघड आहे.

आपल्याकडचा ख्रिस्ती संगीताचा इतिहास हेच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापले, तेव्हा त्याने लॅटिन छंद आणले नाहीत. त्याने आपली ओवी घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. मराठीचे कौतुक करताना तो कुठे हातचे राखत नाही. ओवी त्याला खरोखर येत होती, म्हणून चारशे वर्षांनंतरही अभ्यासक तो ग्रंथ उघडतात.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला राहून काम केले. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते बरीच होती. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली आणि कीर्तनाचा पुरस्कार केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्यावरही दोन्हीकडून टीका झाली. ब्राह्मण समाजाने धर्म सोडल्याबद्दल दूर केले, आणि अभंग-कीर्तनाने ख्रिस्ती उपासनेत जुना धर्म परत येतो अशी शंका काही ख्रिस्ती मंडळींना होती. पण टिळकांना अभंगाचा छंद नुसता उसना घ्यायचा नव्हता, तो त्यांच्या रक्तात होता. म्हणून आजही मराठी चर्चमध्ये रविवारी त्यांची गीते पेटी-तबल्यावर म्हटली जातात. अर्धवट राहिलेले त्यांचे 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, आणि याच लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी गद्याला एक अक्षय ठेवा दिला.

ख्रिस्ती परंपरेबाहेरही हेच दिसते. सोलापूरचे राम जोशी आठवा. डफ-तुणतुण्यावर लावण्या गाजवणारा हा शाहीर पुढे कीर्तनाला उभा राहिला आणि मोरोपंतांच्या आर्या त्याने लोकांच्या तोंडी बसवल्या. फडावरचा आवाज देवळात चालेल का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. उत्तर दिले ते त्याच्या गळ्याने.

आपल्याच काळातले उदाहरण मुंबईचे आहे. 'डिमॉनिक रेझरेक्शन' या बँडने 2017 मध्ये 'दशावतार' नावाचा मेटल अल्बम काढला. विष्णूच्या अवतारांची कथा त्यांनी गाण्यागाण्यांतून सांगितली. तो भक्तीचा अल्बम आहे असे त्यांचे म्हणणे नाही. पण मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या कथांमधला प्रलय, युद्ध आणि संहार या वाद्यमेळाला पेलतो, हे त्यांनी करून दाखवले.

इथे एका गोष्टीचा उल्लेख मला अभिमानाने करायचा आहे. जानेवारी 2020 मध्ये 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. नगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांची निवड झाल्यावर काहींनी विरोध केला. धर्मगुरूला हे आसन कशाला, असे विचारले. फादरांनी मराठीत आयुष्यभर काय लिहिले होते, ते विरोधकांनी वाचायला हवे होते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, 'सुबोध बायबल'सारखा ग्रंथ आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी दिलेला लढा, हे सगळे त्यांच्या नावामागे उभे होते. प्रकृती साथ देत नसताना ते इथे आले आणि धाराशिवकरांनी त्यांना मनापासून ऐकले. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. या शहराने तेव्हा जी दानत दाखवली, ती माणसाचे काम पाहून दाखवली होती. तीच दानत संगीतालाही लावा, एवढीच माझी मागणी आहे.

आता दोन आक्षेपांना उत्तर देतो. पहिला आक्षेप धंद्याचा. हे सगळे विक्रीसाठी आहे, मग भक्ती कसली? स्ट्रायपरचाच पुढचा प्रवास इथे पाहावा. 1990 च्या 'अगेन्स्ट द लॉ' या अल्बममध्ये त्यांनी काळे-पिवळे पट्टे सोडले आणि गाण्यांतले उघड ख्रिस्ती शब्दही मागे सारले. विक्री वाढण्याऐवजी घटली. 1992 मध्ये मायकल स्वीट बाहेर पडला आणि बँड विस्कटला. 2003 मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले ते उघड श्रद्धा घेऊनच, आणि नंतरही नवे अल्बम काढत राहिले. नुसता बाजार हेच ध्येय असते तर जिथे टाळ्या कमी आणि टोमणे जास्त, त्या वाटेला ते परतले नसते.

दुसरा आक्षेप आवाजाचा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. मेटलची बाजू घेतो म्हणजे मी मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींची बाजू घेतो का? मुळीच नाही. तिकीट काढून सभागृहात जाणारा माणूस तो आवाज स्वतः निवडतो. गल्लीतली बाळंतीण, हृदयविकाराचा म्हातारा आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी यांना ती निवड नसते. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा कायद्याने घातली आहे आणि ती पाळलीच पाहिजे, मग उत्सव कुणाचाही असो. शिवाय डीजेच्या भिंतीमागे पुष्कळदा वादकच नसतो. कुणी रियाज केलेला नाही, कुणाच्या बोटाला घट्टा पडलेला नाही. एक बटण दाबले जाते आणि खिडक्यांच्या काचा थरथरतात. आवाज मोठा म्हणून भक्ती मोठी होत नाही, तशी ती मोठ्या आवाजामुळे खोटीही होत नाही. हा भेद आपण करू शकलो नाही, तर कर्कश्शपणाला विरोध करता करता जिवंत वादनालाही मारून टाकू.

म्हणून दोन विनंत्या. पहिली वडीलधाऱ्यांना. तुमच्या घरातल्या मुलाने गिटार घेतली, ड्रम मागितला, आणि देवाचे नाव त्यावर घ्यायचे म्हणाला, तर आधी हे विचारू नका की हे आपल्यात चालते का. त्याला विचारा, किती शिकलास? कुणाकडे शिकलास? वाजवून दाखव. त्याच्या वादनात कस दिसला तर त्याच्या पाठीशी उभे राहा; नाही दिसला तर शिकायला धाडा. तो ख्रिस्ती असो, वारकरी असो, देवीच्या आराध्याच्या घरातला असो की नवबौद्ध. विचारायचे तेच आणि त्याच क्रमाने.

दुसरी विनंती तरुणांना. श्रद्धेच्या नावावर कच्चे काम खपवू नका. देवाचे नाव आहे म्हणून लोक बेसूर गाणे सोसतात, आणि त्या सोसण्यालाच आपण यश समजतो. आयोमी तुटलेल्या बोटांनी वाद्य नव्याने शिकला. स्टीफन्सने परमुलखातून येऊन ओवी आत्मसात केली. टिळकांनी तुकोबा पाठ केले तेव्हा कुठे त्यांचा अभंग ख्रिस्ताला पोचला. आपल्या जिल्ह्यातले गोंधळी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या हाती संबळाच्या काठ्या देतात आणि मनगट तयार होईपर्यंत सोडत नाहीत. ज्या वाद्यावर तुमचे प्रेम आहे त्याला आयुष्याची दहा वर्षे द्या, आणि मग त्यावर ज्याचे नाव घ्यायचे ते निर्भयपणे घ्या. कुणी नावे ठेवली तर वाद घालू नका, वाजवून दाखवा. आणि ज्यांनी नावे ठेवली त्यांनीही तेवढी पाच मिनिटे बसून ऐकावे, इतका अधिकार प्रत्येक प्रामाणिक वादकाला आपण धाराशिवात दिलाच पाहिजे.